काळ्या गाभ्याचं सफरचंद

तिरुका भित्री होती, असं पारसाच्या राजवाड्यातला जो तो आता छाती पुढे काढून सांगतो. सांगणाऱ्यांतले निम्मे असे, की राजमातेच्या कुत्र्याने जांभई दिली तरी यांना घाम फुटतो. म्हणून म्हटलं, मीच सांगते. मी तिच्या शेजारी बसून जवाची भाकर खाल्ली आहे, तिच्या बाळंतपणात तिची कंबर धरली आहे, आणि तिचं लेकरू गेलं तेव्हा तिला चार दिवस विसावा आणि बाळंतिणीचा पुरा शिधा मिळावा म्हणून भांडाऱ्याच्या दारात घसा फोडला आहे. ती भ्यायची, हे खरं. उठता-बसता भ्यायची. पण भीतभीत तिने जे केलं, ते या छातीवाल्यांपैकी एकाने करून दाखवावं, मी त्याचे पाय धुऊन पाणी पिईन.

मी हुबानी. राणीवशासाठी विणणाऱ्या बायकांची मुकादमीण. माझ्या हातमागांच्या मागे डोंगराच्या पोटात एक थंड कोठार आहे, तिथे तिरुका सफरचंदं सांभाळायची.

आमच्याकडे लग्नं वसंतात लागतात, दिवस आणि रात्र सारखी होतात त्या दिवशी. नवऱ्यामुलाने त्या दिवशी एक सफरचंद खायचं, उंटाच्या नळीच्या हाडातली मज्जा खायची, बाकी काही तोंडात घालायचं नाही. गरिबाच्या घरी सफरचंद सुरकुतलेलं चालतं आणि उंटाच्या जागी बकरीचं हाड चालतं; नवऱ्याला भूक लागलेली असते, तो बघतो कशाला. राजघराण्यात मात्र शरदात उतरवलेलं फळ वसंतापर्यंत ताज्या गालासारखं राहायला हवं, आणि आतून पांढरं निघायला हवं. गाभा काळा निघाला की लग्न मोडलं. मग पुढच्या वसंतापर्यंत थांबायचं. आणि बिनलग्नाची परक्या घरची मुलगी राजाच्या छपराखाली वर्षभर ठेवायची नाही, म्हणून तिला पडद्याच्या गाडीत घालून माहेरी पाठवायचं.

हे एकदा झालेलं होतं. तिरुकाच्या सासूने राखलेलं फळ काळं निघालं. मुलगी माहेरी गेली आणि सासूला राखेच्या कोठीत सोडलं. उंच भिंती, तळाला राखेचा ढीग. माणूस आत टाकतात आणि वरून राख ढवळतात. ओरडायला तोंड उघडलं की राख आत. दुसऱ्या सकाळी भांडाऱ्याने ते कोठार तिरुकाच्या गळ्यात मारलं. आम्ही साऱ्याजणी त्यानंतर कितीतरी दिवस चुलीतली राख काढताना तोंडाला फडकं बांधायचो. बाकीच्यांचं फडकं हळूहळू सुटलं. तिरुकाचं कधीच सुटलं नाही.

कोठारात ती गवत अंथरायची आणि फळं मांडायची ती देठ खाली करून. एकाचं अंग दुसऱ्याला लागू द्यायची नाही. मी कधी थट्टा केली, "अगं, नव्या सुनांसारखी दूर दूर काय बसवतेस?" तर म्हणायची, "लागून बसली की एकाचं दुसऱ्याला लागतं. माणसांचंही असंच ठेवावं, हुबानी."

त्या साली धाकट्या राजपुत्राचं लग्न ठरलं. मुलगी बाख्त्रीच्या सुभेदाराची, नाव वर्दा. आता राजेलोकांच्या सोयरिकी म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. आपण खुंटीला जनावर बांधतो, त्यात जनावर असतं, खुंटी असते, आणि मधे दावं असतं. दाव्याला कुणी विचारत नाही. बाख्त्रीच्या सुभेदाराकडे घोडेस्वारांचे थवे होते. ज्याच्या घरात त्याची लेक, त्याच्या मागे ते स्वार. म्हणून थोरली लेक आधी थोरल्या राजपुत्राला दिली होती. ती पुढचा हिवाळा काही बघू शकली नाही. ताप, असं सांगितलं. तिची माहेरची दासी परत गेली ती बोलायची बंद होऊन. एक दावं तुटलं म्हणून आता दुसरं आणलं होतं, या वेळी धाकट्यासाठी. थोरला त्यावरून धुमसत होता. 'मेलेल्या बायकोची बहीण, हक्क माझा,' असं तो उघड म्हणायचा.

लग्नाचा झगा अंगाला लावून बघायला मी राणीवशात गेले. सोबत तिरुका, राजमातेच्या न्याहारीची टोपली घेऊन. दारात मित्रक. हा तिथला खोजा. गाल लोण्याचे आणि जीभ सुरीची.

"या, या. एक काठी आणि एक मडकं," तो म्हणाला. "लग्नाला आलात की मर्तिकाला?"

"मित्रकदादा, मडकं रिकामं आहे म्हणून वाजतंय," मी म्हटलं. "माझ्या बायकांचा शिधा कुठे अडलाय ते बघा, मग वाजायचं थांबेल."

"तुझी जीभ कापून मागावर ताणली ना, तर अख्ख्या राणीवशाला पडदे होतील."

"कापा की. विणायला परत मलाच बोलवाल."

तो हसला. तिरुका हसली नाही. ती त्या उंबऱ्याच्या आत कधीच हसायची नाही.

वर्दा उभी होती. हनुवटी अजून लहान पोरीची, डोळ्यांखाली मात्र म्हातारीसारखं काळं. मी झगा चढवला, खांद्यावर टाचून घेतला. तेवढ्यात आतल्या अंगणात काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मित्रक शिव्या घालत तिकडे धावला. त्याबरोबर पोरीने तिरुकाचं मनगट पकडलं.

"लग्नाचं सफरचंद तुमच्याकडून येतं ना?"

"होय, बाईसाहेब."

"आतून काळं असलेलं एखादं असेल तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "बाईसाहेब, भलतंच बोलू नका, भिंतींना कान आहेत."

"भिंतींचं सोडा. हे दार बघा." तिने दार पुढे ओढलं आणि आतली बाजू आम्हाला दाखवली. नवा रंग दिलेला होता. रंगाखाली लाकूड उकरलेलं दिसत होतं, नखांनी उकरावं तसं. वरून सुरू होऊन ओरखडे खाली खाली गेले होते, पार उंबऱ्यापर्यंत. "माझी ताई राजमातेच्या शेजारच्या याच खोलीत राहायची. ताप आलेलं माणूस दार ओरबाडतं का हो?"

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "लग्न मोडलं तर पाठवतील. तुम्ही मला आईसारख्या..."

"आईसारखी म्हणू नका, बाईसाहेब," तिरुका घाईघाईने म्हणाली. "माझी सासूसुद्धा कुणालातरी आईसारखीच वाटली होती."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं मी समजत होते की सासूचं फळ चुकून सडलं.

मित्रक परत आला. "काय खुसपुसताय?"

"बाही लांब झाली, म्हणतायत बाईसाहेब," मी म्हटलं.

"लांबच असते. राजघराण्यासमोर हात बाहीच्या आत. हात दिसला की मान गेली. शिकवा तिला."

कोठारात परत आल्यावर मी तिरुकाला फैलावर घेतलं. "हे बघ, मनातसुद्धा आणू नकोस. त्यांच्या मुली, त्यांचे पलंग, त्यांची दारं. तुझं लेकरू मागाखाली फणफणत पडलं होतं तेव्हा यांच्यातल्या एकीने तरी वाटीभर दूध पाठवलं होतं का?"

"नाही पाठवलं."

"मग?"

"ओरखडे खालपर्यंत होते, हुबानी. म्हणजे ती खाली बसूनसुद्धा ओरबाडत होती."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मी आणखी चिडले. "आणि तू राखेत गेलीस की पाठोपाठ आमची चौकशी. मी तुझी शेजारीण, सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मागांवरच्या पोरीबाळी, त्यांना कोण विचारणार?"

तिने गवतातून दोन फळं उचलली आणि बोटाने वाजवली. एक खणखणीत वाजलं, दुसरं थोडं बद्द.

"कळतं तुला आतलं?" मी विचारलं.

"कळत कुणालाच नाही. वाटतं नुसतं." तिने दोन्ही शेजारी ठेवली. दोन्ही तशीच लाल, तशीच गोल. "मी राखेला भिते गं. झोपले की नाकात जाते. उठते तर दातांखाली करकरते."

"मग चांगलं दे आणि सुखाने झोप."

"तेच करणार आहे," ती म्हणाली.

मी विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

लग्नाच्या सकाळी मित्रक चांदीची थाळी घेऊन आला. तिरुकाने गवतात हात घातला आणि एक फळ थाळीत ठेवलं. तोंडावर फडकं होतं, फक्त डोळे दिसत होते, आणि डोळ्यांवरून मला काही वाचता येईना. वाजवून बघण्याची सोय आता नव्हती.

फळ ज्याच्या हातचं, त्याने समोर उभं राहायचं, असा नियम आहे. तिरुका खांबापाशी उभी राहिली. झगा ज्याच्या हातचा तोही तिथेच, म्हणून तिच्या शेजारी मी. दोघींचे हात बाह्यांत. राजाने तलवारीने भाकर कापली, अर्धी नवऱ्याला हातात धरायला दिली, अर्धी नवरीला. वर्दा खुर्चीवर बसली होती ती माझ्या विणलेल्या कापडात बुडून गेल्यासारखी. नवऱ्यापलीकडे थोरला राजपुत्र, पाय पसरून. आणि वरच्या आसनावर राजमाता. तिच्याकडे आम्ही बघितलं नाही. तिच्याकडे कुणी बघत नाही.

धाकटा तसा पोरगेलाच होता. दाढी विंचरून विंचरून दाट केलेली. दिवसभराच्या उपासाने ओठ सुकले होते. त्याने सफरचंद उचललं आणि एक मोठा घास घेतला.

आणि त्याचा जबडा थांबला.

मी खांबापासून बघत होते. त्याच्या बोटांच्या मधून मला गाभ्याची कड दिसली. चुलीतल्या कोळशासारखी काळी.

बाई! आता तो फळ वर धरणार, आता कुणीतरी ओरडणार, आता ते तिरुकाला धरणार, मग मला. मला राखेचा वास आला, देवाशपथ आला. तेवढ्यात बाजूला बघते तर काय, तिरुकाचा हात बाहीतून बाहेर आलेला, तोंडावर गच्च दाबलेला. भर राजघराण्यासमोर! मी खांद्याने तिला ढकललं, तिच्यापुढे सरकले. पण नवऱ्याने बघितलं होतं. त्याचे डोळे त्या हातावर होते.

"काय रे," थोरला आळसावून म्हणाला, "गोड आहे ना?"

धाकट्याने त्याच्याकडे बघितलं. मग वर, आजीकडे. त्या एका क्षणात मला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी रोज बघत होते. तिरुकाचाच चेहरा होता तो. फळ काळं म्हटलं तर लग्न मोडणार, पोरगी माहेरी जाणार, आणि पुढच्या वसंतात थोरला तिला मागून घेणार, स्वारांसकट. आणि बिनस्वारांच्या धाकट्या भावांचं या घरात काय होतं, ते त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही.

"गोड आहे," तो म्हणाला.

आणि त्याने ते खाल्लं. काळं, बिया, देठ, सगळं. मूठभर वाळू गिळावी तसं गिळलं. लोक हसायला लागले. "नवरदेवाला धीर निघेना!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा दरबार खिदळला. त्याच काळ्या तोंडाने त्याने वर्दाचं चुंबन घेतलं. लग्न लागलं. पोरीने एकदाच आमच्याकडे बघितलं. तिला वाटलं असणार, आम्ही चांगलं फळ दिलं.

त्यानंतरचे दिवस काढले कसे, ते आमचं आम्हाला माहीत. तिरुकाचं खाणं तुटलं. पावलं वाजली की ती गवताच्या ढिगाकडे बघायची, जणू लपायला जागा मापतेय. मी तिला शिव्या घालत होते आणि तिच्यापासून हलत नव्हते. माझ्या बायकांना कळलं नव्हतं, पण त्यांचेही आवाज खाली गेले. भीती बोलावी लागत नाही, ती धाग्यासारखी एका मागावरून दुसऱ्यावर जाते.

मग मित्रक आला. आला आणि थट्टा केली नाही. मी हातातला धोटा खाली ठेवला.

"तुझा हात," तो तिरुकाला म्हणाला. "त्या दिवशी बाहेर होता. धाकट्या महाराजांनी बोलावलंय."

तिने तोंडावरचं फडकं सोडलं, घडी करून माझ्या हातात दिलं, आणि गेली. मी ते धरून बसले. दुपार उलटली. माग थांबले होते, मी कुणाला चालवा म्हटलं नाही.

ती परत आली. चालत आली, अंगावर राख नव्हती. भिंतीला टेकून बसली. मग तिने सांगितलं.

राजपुत्र एकटाच होता. चेहरा खडूसारखा. पहिला प्रश्न त्याने हा केला, "त्यात विष होतं का?" लग्नापासून पोटात जरा गुडगुडलं की तो मरायची वाट बघत होता.

"नाही, महाराज. नुसतं काळं होतं."

"तुला माहीत होतं."

"वाटलं होतं."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी नाही."

"खोटं."

"होय महाराज, खोटं," तिरुका म्हणाली. "पण दुसरं काही मी सांगणार नाही."

मग तो म्हणाला, "तू खाल्लं असतंस का तसलं?"

"आम्ही तसलीच खातो, महाराज. चांगली इकडे वर येतात."

यावर तो हसला म्हणे. आणि स्वतःच्या हसण्याला दचकून दाराकडे बघितलं.

मग त्याने आवाज उतरवला. तिला राखेत टाकलं तर का टाकलं ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं तर त्याचं लग्न लागलंच नाही. म्हणजे तिला मारता येत नव्हतं आणि मोकळी सोडता येत नव्हती. बायकोला काही ठाऊक आहे का, तेही त्याला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. राणीवशात ती एखाद दिवशी रडता रडता काही बोलली आणि राजमातेच्या कानी गेलं, तर? म्हणून त्याने बापाकडे उत्तरेच्या सरहद्दीवरची चौकी मागून घेतली होती. राजमाता म्हणाली होती, जा, पण नातसून इथे माझ्याजवळ राहू दे. त्याने जन्मात पहिल्यांदा तिला नाही म्हटलं होतं.

"आणि तू पण येशील," तो तिरुकाला म्हणाला. "माझ्या नजरेसमोर राहशील."

मी टाळी वाजवणार होते. "म्हणजे पोरगी सुटली त्या दारातून!"

"सुटली," तिरुका म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता की नाही, मला अजून सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी पडद्याची गाडी फाटकातून गेली. राजस्त्रीची गाडी जाताना आपण भिंतीकडे तोंड करायचं. जवळ गेलेल्याची मान जाते. मी तोंड केलं. चाकांचा आवाज ऐकला. मागून खेचरांची गाडी थांबली, तीत तिरुका. भांडं, गवताचा भारा, बस्स.

"कोठार तुझ्याकडे देतायत," ती म्हणाली. "देठ खाली ठेव."

"माहितीये गं. भितेस?"

"मग काय! वाटेत दऱ्या कितीतरी आहेत. नजरेसमोर ठेवायचं म्हणतात, पण नजर कंटाळते की."

मी खेचराचा पट्टा पुन्हा एकदा आवळला. तिचं फडकं अजून माझ्याकडेच होतं. ते द्यायचं राहिलं.

नजर लगेच कंटाळली नाही, हे मला पुढच्या शरदात कळलं. उत्तरेकडून आलेल्या सामानात सफरचंदांची एक टोपली होती, कोठारासाठी. उघडली, तर देठ खाली, प्रत्येक फळाभोवती गवत, एकाचं अंग दुसऱ्याला नाही. मी टोपली मिठीत घेऊन बसले, वेड्यासारखी. खेचरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, धाकट्या बाईसाहेब धडधाकट आहेत, मुलगी झालीय, आणि घोड्यावर बसतात आपल्या माहेरच्या लोकांसारख्या. फळं बांधणाऱ्या बाईचं त्याला काही ठाऊक नव्हतं. फळं कोण बांधतं ते कुणालाच ठाऊक नसतं.

पुढच्या शरदातही टोपली आली. त्याच्या पुढच्याही. मी दरवेळी आधी देठ बघायची, मग श्वास घ्यायची.

यंदाची टोपली परवा आली. खेचरवाला तोच. बाईसाहेब बऱ्या आहेत म्हणाला, दुसऱ्यांदा दिवस गेलेत. मी दोरी सोडली. फळं कशीही भरलेली, देठ वर, देठ आडवे, एकमेकांना चिकटून. गवत फक्त तळाला.

मी टोपली उचलली. मित्रक दारातून म्हणाला, "काय गं मडक्या, आज वाजत नाहीस?" तिचं फडकं तोंडाला बांधलं, कोठारात गेले, आणि एकेक फळ उचलून दूर दूर ठेवत बसले. वसंतात पुन्हा एक लग्न आहे. मुलगी कुठलीशी लांबची, राजमातेच्या शेजारची तीच खोली तिला देणार आहेत.

दोन फळं मी बाजूला काढून ठेवली आहेत. एक खणखणीत वाजतं.